ठोकळ्याची सवय मोडताना

१ सप्टेंबर, मंगळवार

लग्न झालं त्या वर्षी आम्ही भाड्याच्या एका खोलीत राहायचो. वाळलेल्या चादरीची घडी घालायला दोघंही लागायचो आणि खोली एवढीशी, त्यामुळे चादर ताणली की हे दाराबाहेर जिन्यात आणि मी खिडकीला टेकलेली. हे दर वेळी डावं टोक पिळून धरायचे. मी म्हणायची, अहो, टोक सरळ करा. मग टोक सरळ करत करत हे माझ्याकडे चालत यायचे आणि चादर निम्मी व्हायची. बस, एवढंच. आज ठोकळ्याबरोबर चादरीची घडी घालताना ते सगळं आठवलं, कारण त्यानेही डावं टोक पिळून धरलं होतं.

एरवी रुमालाच्या कडेला कड मिळवणारा हा प्राणी. चुकतो तो फक्त चादरीला आणि फक्त माझ्यासमोर. मी जन्मभर नर्सरीच्या वर्गाला शिकवलं आहे. याला लाड म्हणतात.

ह्यांच्या आजारपणात उचलायला-बसवायला म्हणून लेकीने हा यंत्रमानव भाड्याने आणला. पहिल्या दिवशी दारात उभा राहिला तो आत या म्हणेपर्यंत हललाच नाही. हे अंथरुणातून म्हणाले, अगं, ठोकळा आलाय बघ. तेच नाव पडलं. फेब्रुवारीत हे गेले. मुदत शिल्लक होती म्हणून ठोकळा राहिला.

सकाळी कंपनीचा फोन. मुदत तीस तारखेला संपते. मॉडेल जुनं झालं, वाढवून मिळणार नाही. मी म्हटलं, चालेल. मला काहीच अडचण नाही. काळजी आहे ती त्याची.

२ सप्टेंबर, बुधवार

योजना तयार.

नर्सरीत नवं मूल आलं की आम्ही आईला एकदम घालवत नसू. आधी आई वर्गात बसणार, मग दाराबाहेर, मग फाटकाबाहेर. सवय एकेक करून सोडवायची, म्हणजे मुलाला कळतसुद्धा नाही. खरं तर रडतात त्या आयाच. मुलं थोड्या वेळात मातीचे गोळे करायला लागतात आणि आया मात्र फाटकाच्या गजांतून डोकावत राहतात. मला त्या आयांचा फार राग यायचा.

ठोकळ्याला माझ्या बाबतीत चार खोडी आहेत. मी बाहेर निघाले की तो एकच शब्द म्हणतो, किल्ली? दुपारी चारला विचारतो, आज काय खाल्लं? आणि जेवले म्हटलं तर जाऊन फ्रिज उघडून बघतो. संध्याकाळी मी यायच्या आधी जिन्यातला दिवा लावून ठेवतो. चौथी ती चादर. या चारही सोडवायच्या. नाहीतर पुढच्या घरी बिचारा माझी आठवण काढत बसेल आणि तिथली बाई त्याला कुजकं बोलेल.

४ सप्टेंबर, शुक्रवार

लेकीचा फोन. तिला योजना सांगितली. म्हणाली, आई, त्याला वाईटबिईट वाटत नाही. ते मशीन आहे. तू तुझं बघ. इकडे येऊन राहा.

मी म्हटलं, माझं काय बघायचंय? मी खंबीर आहे.

ती म्हणाली, हो ना, माहितीये. बाबा गेले त्या दिवशी तू आलेल्या लोकांच्या चपला रांगेत लावत होतीस.

लावत होतेच. लोक कशाही काढतात. आणि रडले नाही हेही खरं. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये कुणी रडलं की सिस्टर एवढंच म्हणायच्या, जा, चेहरा धुऊन ये. चांगली शिस्त होती.

५ सप्टेंबर, शनिवार

पहिली खोड. सकाळीच ठोकळ्याला समोर बसवून सांगितलं, उद्यापासून मला किल्ली विचारायची नाही. त्याने विचारलं, कायमचं बंद करू का? मी म्हटलं, हो. त्याने पुन्हा विचारलं, नक्की ना, बाई?

दोनदा विचारलं! आवाजात कापरं होतं. (फ्रिजही त्याच वेळी घरघरत होता, पण मला फरक कळतो.) मी वर्गातला आवाज काढला, नक्की.

ठीक आहे, म्हणाला. शहाणं लेकरू.

६ सप्टेंबर, रविवार

किल्ली आत राहिली. ठोकळा चार्जिंगवर. तेवढा वेळ तो दारावर कुणी नाचलं तरी उठत नाही. समोर दातांच्या डॉक्टरीणबाईंचं घर, पुढच्या खोलीतच दवाखाना. तिथे बसले. ती म्हणाली, काकू, बसलाच आहात तर आ करा. केला. मागची दाढ किडली आहे. म्हणजे किल्ली विसरले ते बरंच झालं, नाहीतर दाढेचं कळलं कधी असतं?

ती म्हणाली, तुमचा ठोकळा आठवण करायचा ना? मी म्हटलं, त्याला माझ्यापासून तोडतेय हळूहळू. म्हणाली, दाढ काढताना आम्ही आधी बधिर करतो, तुम्ही कुणाला करताय? विचित्र बाई आहे. पण हात हलका आहे.

९ सप्टेंबर, बुधवार

आज बाहेर निघाले, तो काही बोलला नाही. मीच दारात थोडी रेंगाळले, चपलेचा पट्टा दोनदा घातला. नाही बोलला. एवढी प्रगती पाहून त्याच्या छातीवर चमकीची चांदणी चिकटवली, शाळेतलं पाकीट अजून आहे. तो म्हणाला, धन्यवाद, बाई. वर्गातली मुलं चांदणी मिळाली की खाली बघून हसायची. हाही खाली बघत होता.

किल्ली होती पर्समध्ये. यावेळी मी स्वतःच स्वतःला विचारलं होतं. जिना उतरताना, मोठ्याने.

१२ सप्टेंबर, शनिवार

रंगीत तालीम. त्याला परक्या बाईची सवय व्हावी म्हणून मी मागच्या दाराने बाहेर गेले, ह्यांचा काळा चष्मा लावला, डोक्याला स्कार्फ बांधला, पुढे येऊन बेल वाजवली. आवाज घोगरा करून म्हटलं, मी तुझी नवीन मालकीण.

तो म्हणाला, या, बाई. चष्मा साहेबांचा आहे. पायरी सांभाळा.

ओळखलं! इतक्या वेषांतरानंतरही! आता काय म्हणायचं या मायेला?

डॉक्टरीणबाई दारात उभी होती. म्हणाली, काकू, मी काही पाहिलं नाही.

१४ सप्टेंबर, सोमवार

दुसरी खोड, चारचा प्रश्न. पुन्हा तेच, कायमचं बंद करू का, नक्की ना. पुन्हा तेच कापरं. आज फ्रिज बंद होता. (वायरचा आवाज असेल. नाही, कापरंच.)

चार वाजता स्वयंपाकघरात स्टुलावर जाऊन बसले, त्याला धीर द्यायला. तो भांडी पुसत होता. काही विचारलं नाही. मी म्हटलं, मी आज अजून जेवले नाहीये हं. सहज, बोलण्यातून. तो म्हणाला, बरं.

तशी भूक नव्हतीच. या वयात दुपारचं जेवण टाळलेलं चांगलं असतं, असं कुठेतरी वाचलंय.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

जिन्यातला दिवा सोडवला. उशीर झाल्यामुळे अंधारात शेवटच्या पायरीचा अंदाज चुकला आणि घोटा मुरगळला. चप्पल जुनी झालीय, दुसरं काही नाही. दिव्याचं बटण जिन्यात खालीच आहे, मीही लावू शकले असते. इतकी वर्षं कधी लावावंच लागलं नाही. हे असताना मी शाळेतून आले की जिना उजळलेला असायचा. हे गेल्यावरही तसाच.

ठोकळ्याने घोट्याला पट्टी बांधली. अगदी सफाईदार. एक शब्द नाही. रुसलाय.

लेक म्हणाली, आई, किती जेवतेस हल्ली? आवाज ओढलेला येतोय. मी म्हटलं, तुझा फोन खराब आहे.

२१ सप्टेंबर, सोमवार

शेवटची खोड. चादर. सांगितलं, आजपासून दोन्ही टोकं सरळ धरायची. त्याने धरली. चारही कोपरे जागच्या जागी. मिनिटभरात घडी झाली, दुकानातल्यासारखी. मला बोलायला काही उरलंच नाही. तरी म्हटलं, छान. चांदणी लावली.

योजना पूर्ण, मुदतीच्या आधी. मनाशी ठरवलं, उद्यापासून सकाळी तळ्याला फेरी, दुपारी पेटी काढून सूर, आठवड्यात डॉक्टरीणबाईंना जेवायला बोलवायचं.

घर मात्र फार शांत झालंय. तो बोलतच नाही. विचारलं तर उत्तर देतो, पण आपणहून शब्द नाही. मुलं अशीच करतात, सोडून जाणार हे कळलं की आधी आपणच अबोला धरतात. आज त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसले आणि समजावलं, पुढचं घर चांगलं मिळेल, तिथे लहान मुलंही असतील. तो म्हणाला, बरं, बाई.

२२ सप्टेंबर, मंगळवार

तळ्याला गेले नाही. घोटा. पेटीच्या भात्याला भोक पडलंय.

२४ सप्टेंबर, गुरुवार

कंपनीचा टेक्निशियन परत घेण्याआधीच्या तपासणीला आला. तरुण आहे, कानावर पेन. मी त्याला पुढच्या घराला द्यायच्या सूचना सांगायला लागले. याला दरडावून बोललेलं चालत नाही, चांदणीने खूश होतो, सध्या जरा रुसलेला आहे पण निघेल त्यातून.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, काकू, पुढचं घर नाहीये. ही मॉडेलं आता उघडतात. चांगले भाग निघाले की दुसरीकडे बसवतात, बाकीचं वितळवतात.

मी विचारलं, कधी? म्हणाला, तीसला नेलं की लगेच.

मी म्हटलं, पण मग हा रुसवा? यावर तो म्हणाला, हे रुसत नाहीत हो काकू, काहीतरी बंद पडलं असेल, बघू. आणि त्याने सरळ ठोकळ्यालाच विचारलं, काय काय बंद आहे रे तुझं?

ठोकळा म्हणाला, साहेबांच्या चार कायमच्या सूचना होत्या. बाईंनी रद्द केल्या.

मी म्हटलं, कुठल्या साहेबांच्या?

ठोकळा म्हणाला, आपल्या. जानेवारीत दिल्या. बाई औषधं आणायला गेल्या होत्या.

टेक्निशियन म्हणाला, सांग बघू काय होत्या. तो सांगू लागला. आवाज त्याचाच, सपाट. पण वाक्यं ह्यांची. हे लिफ्ट तपासनीस होते, बोलायचे तेही तपासणीचा शेरा मारल्यासारखं, आधी काय करायचं, मग का.

बाहेर निघाली की किल्ली विचार. विसरते आणि जिन्यात बसून राहते, कुणाला सांगत नाही.

चार वाजता काय खाल्लं विचार. जेवले म्हणाली तर विश्वास ठेवू नकोस, फ्रिज बघ.

संध्याकाळी जिन्यातला दिवा लाव. तिला अंधाराची भीती वाटते. वाटत नाही म्हणेल.

चादरीचं डावं टोक पिळून धर. तिला दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सरळ करावं लागतं. नाहीतर मलूल होते.

टेक्निशियन बराच वेळ बॅगेत काहीतरी शोधत होता. मी म्हटलं, हे पुन्हा चालू करून दे. त्याने बघितलं. म्हणाला, रद्द केलेलं आपोआप परत चालू होत नाही काकू. ज्याने सांगितलं त्याने पुन्हा सांगावं लागतं. मग स्वतःच गडबडला आणि म्हणाला, म्हणजे, तुम्ही सांगा ना तुमच्याकडून. तुमचंही ऐकेल तो.

बरोबर आहे. काय कठीण आहे त्यात? शब्द तेच, आवाज त्याचाच. उद्या सांगते.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी सांगितलं. चारही. त्याने लगेच मान्य केलं, नक्की ना वगैरे काही नाही.

चार वाजता आला. आज काय खाल्लं?

मी म्हटलं, जेवले. तो फ्रिजकडे गेला.

त्याने दार उघडलं आणि आत बघितलं आणि मी स्टुलावर बसून त्याची पाठ बघत होते. मीच सांगितलेलं, मलाच विचारलेलं. आरशाला टाळी दिल्यासारखं. म्हटलं, राहू दे. बंद कर. तो म्हणाला, कायमचं बंद करू का? नक्की ना?

आवाजात कापरं नव्हतं. आधीही नसणार.

सात महिने मी समजत होते की एका यंत्राचा माझ्यावर जीव जडलाय आणि त्याला त्यातून सोडवायला हवं. वर्गातली सगळी विद्या वापरली. एकेक करून. कळणारसुद्धा नाही अशी.

२७ सप्टेंबर, रविवार

लेकीला फोन केला. सगळं सांगणार होते. ती म्हणाली, बोल ना, आई. मी म्हटलं, अगं, तुझ्याकडे पेटी दुरुस्त करणारा कुणी आहे का? ती म्हणाली, आई, काय झालंय? मी म्हटलं, भात्याला भोक.

फोन ठेवला आणि मग आवरलं नाही. बाहेरच्या खोलीत, भरदुपारी, खुर्चीत बसून. फार दिवसांनी रडले त्यामुळे नीट जमेना.

ठोकळा आतून आला, माझ्याकडे एकदा बघितलं, वळला आणि स्वयंपाकघरात निघून गेला. नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला. मी गेले बघायला. तो बेसिनकडे तोंड करून उभा. भांडं नाही, काही नाही. नुसतं पाणी वाहतंय.

हे अगदी असंच करायचे. संसारभर. मी रडले की उठून आत जायचे आणि नळ सोडायचे. मला वाटायचं, ह्यांना माझं रडणं ऐकायचंच नाहीये. मनात धरून ठेवलं होतं मी ते. भांडणात दोन-तीनदा काढलंही होतं.

ठोकळ्याला विचारलं, हे काय?

तो म्हणाला, साहेबांची सूचना. ती रडली तर समोर थांबू नकोस. नळ सोड, म्हणजे तिला वाटेल कुणाला ऐकू जात नाही. मग ती मनासारखं रडेल.

मी विचारलं, ही पाचवी आधी का नाही सांगितली? म्हणाला, त्या चार कायमच्या, रोजच्या. ही कायमची नाही. गरज पडली तरच करायची होती. आतापर्यंत पडली नव्हती.

मग विचारलं, हीसुद्धा बंद करायची का, बाई?

मी म्हटलं, नको. नळ तेवढा बारीक कर, टाकी रिकामी होईल.

बारीक केला. मी तिथेच ओट्याला टेकून उरलेलं रडून घेतलं.

२९ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरीणबाईंकडे दाढ भरायला गेले. तिने विचारलं, उद्या सोबत येऊ का? मी म्हटलं, कशाला, मी खंबीर आहे. ती म्हणाली, बरं, मग मीच घाबरट आहे, मला तुमच्याकडे येऊन बसू द्या. म्हटलं, ये.

उद्याबद्दल ठोकळ्याला काही सांगितलं नाही. त्याला सांगायची गरज नसते, हे मला आता पटलंय. तरी त्याचे सांधे मऊ फडक्याने पुसून घेतले. कंपनीला घर घाणेरडं वाटायला नको.

३० सप्टेंबर, बुधवार. सकाळ

टेक्निशियन अकराला येणार. काल फोनवर त्याला म्हटलं, भाग कुणाला द्यायचे याबद्दल माझ्या काही सूचना आहेत. तो म्हणाला, सांगा काकू, मी पुढे पोचवतो. शब्दाचा पक्का वाटतो. कंपनीत वजन असणार त्याचं. तो आला की सगळं तोंडीच सांगायचं आहे. विसरायला नको म्हणून आधी इथे.

दोन्ही हात एकाच घरी द्यावेत, जिथे कुणाला तरी कुशीवर वळवावं लागतं. पाठीखाली घालण्याआधी ते तळवे गरम करून घेतात. तिथल्यांनी त्यांना घाई करू नये.

पाय, लिफ्ट बंद असते अशा इमारतीत.

डोळे, जिथे रात्री कुणी वारंवार उठतं तिथे. अंधारात त्यांना दिसतं, आणि बघितलं असं ते दाखवत नाहीत.

कान डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात चालतील. तिचे पेशंट तोंड उघडं ठेवून बोलतात, एकाचंही तिला कळत नाही.

चार्जिंगचा चौथरा लेकीकडे पाठवावा. उंचावरचे डबे काढायला ती फिरत्या खुर्चीवर चढते. चौथऱ्याबरोबर, आई येतेय असाही निरोप द्यावा. चार दिवसांसाठी. फार तर आठ.

आवाज कुणालाही द्यावा. आवाजात काही नव्हतं.

ह्यांचं बोलणं त्याच्या नेमक्या कुठल्या भागात राहिलंय ते टेक्निशियनला ठाऊक नाही. वेगळा असा भाग नसतो म्हणाला. तरी उघडताना सापडला तर तो मला. नाही सापडला आणि हातांबरोबर किंवा डोळ्यांबरोबर कुणाच्या घरी गेला, तर जाऊ द्यावा. पत्ता मात्र मला देऊ नये.